ओल्या गोणपाटाची थंडी

अण्णांनी बीअरला आयुष्यात कधी हात लावलेला नाही, आणि तरीही मी केलेल्या लागरांपैकी, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बीअरपैकी, सर्वांत चांगली लागर त्यांच्यामुळेच वाचली. ते माळकरी आहेत. २०१८ च्या जानेवारीत ते आणि आई औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून माझ्याकडे अ‍ॅडलेडला आले होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात तेव्हा ऐन उन्हाळा होता आणि पारा चाळिशीजवळ घुटमळत होता. आमच्या घराच्या मागच्या बाजूला कपडे धुण्याची एक लहान खोली होती. तिथे एका मोठ्या टबात पाणी घालून त्यात मी वीस लिटरचे भांडे उभे केले होते, भांड्याभोवती एक जुना सुती टॉवेल गुंडाळून त्याची टोके पाण्यात सोडली होती आणि समोर एक साधा टेबलपंखा लावून ठेवला होता. अण्णा काकड्याच्या वेळेला उठतात. परदेशातही त्यांची ती सवय मोडली नव्हती. पहाटे चारच्या सुमारास पाण्यासाठी तिकडे गेले असता त्यांना दिसले, की रात्रभराच्या पंख्याने टबातले पाणी उतरले आहे आणि टॉवेलचा वरचा अर्धा भाग कडकडीत वाळला आहे. त्यांनी तांब्याने त्यावर पाणी सोडले, टब भरला आणि सकाळी चहा घेताना मला एवढेच सांगितले, "तुझं गोणपाट वाळलं होतं बघ रातीला. भिजवलंय मी."

त्या भांड्यात काय आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. मी खरे ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ठीक हाय. पर घरातली वस्तू नासू नये म्हंजे झालं." पुढचे पाच दिवस पहाटेचे पाणी त्यांनीच सोडले.

टॉवेलला ते गोणपाट म्हणाले, यात काही चुकले नव्हते. आमच्या गावच्या वाड्यात ढाळजेच्या कोपऱ्यात रांजण असे आणि चैत्र लागला, की त्याच्याभोवती गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनदा त्यावर पाणी शिंपडण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे येई. ते काम मी अनेक उन्हाळे केले. शेतात नेलेला पाण्याचा कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून बाभळीखाली ठेवायचा आणि वारा ज्या बाजूने येतो ती बाजू मोकळी सोडायची, हेही कोणी शिकवावे लागत नसे. कुंभार माठाच्या मातीत लीद का मिसळतो, हे पुढे शाळेत कळले: भट्टीत ती जळते, मातीत बारीक छिद्रे राहतात आणि त्यांतून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार त्या छिद्रांत साचले, की दोन-तीन उन्हाळ्यांत माठ आंधळा होतो आणि पाणी गार करीत नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी माठ नवा घ्यावा लागतो.

लागर करताना मला पहिल्यांदा जाणवले, की ही थंडी मोजता येते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषते. एक किलो बर्फ वितळताना फक्त ३३४ किलोज्यूल घेतो. म्हणजे ओल्या फडक्यावरून उडालेले एक लिटर पाणी हे सात किलो बर्फाच्या तोडीचे काम करू शकते. आता दुसरी बाजू पाहू. वीस लिटर बीअर आंबताना यीस्ट साधारण दीड किलो साखर खाते आणि त्यातून ९०० किलोज्यूलच्या आसपास उष्णता बाहेर पडते. ती कुठेच गेली नाही, तर भांडे दहा-अकरा अंशांनी तापेल. हिशेबाने ही सगळी उष्णता अर्धा लिटरपेक्षा कमी पाणी उडाल्याने निघून जाऊ शकते. प्रत्यक्षात फडके खोलीतल्या हवेचीही उष्णता ओढत असल्यामुळे पाणी कितीतरी जास्त लागते. पण हे गणित वहीत मांडले, त्या रात्री मला रांजणाबद्दल जो आदर वाटला, तो पूर्वी कधी वाटला नव्हता.

लागरला थंडी का लागते, हे मला माझ्या पहिल्या प्रयत्नाने शिकवले. अ‍ॅडलेडमध्ये घरी बीअर करणे कायदेशीर आहे आणि लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे. १८६२ पासून त्याच शहरात चालत आलेल्या कूपर्सचे घरगुती बीअरचे डबे किराणा दुकानात मिळतात. असाच एक डबा आणून मी फेब्रुवारीत, खोलीचे तापमान सव्वीस अंश असताना, लागरचे यीस्ट घातले आणि भांडे कोपऱ्यात ठेवून दिले. दोन दिवस ते जोरात खदखदले. तिसऱ्या दिवशी झाकण उघडले, तेव्हा अर्धापूरकडच्या केळीच्या वखारीत शिरावे, तसा वास आला. तो वास खरोखरच केळ्याचा असतो, कारण आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे केळ्याला वास देणारे द्रव्य उबेत वाढणारे यीस्टही तयार करते. त्याबरोबर घशाला चटका देणारी जड अल्कोहोलेही उबेतच जास्त तयार होतात. चव वाईट होती, असे नुसते म्हणणे पुरेसे नाही. ती गढूळ होती. एका घोटात पाच गोष्टी एकदम बोलत होत्या आणि त्यांतली एकही नीट ऐकू येत नव्हती.

उकाड्यापेक्षाही माझी एक चूक मोठी होती. मी खोलीचे तापमान मोजले होते, भांड्याचे नव्हे. आंबण्याच्या ऐन जोरात भांड्यातला द्रव बाहेरच्या हवेपेक्षा तीन ते पाच अंशांनी गरम असतो, त्यामुळे माझे यीस्ट तीस अंशांत काम करीत होते. शिवाय हे वास प्रामुख्याने यीस्टची संख्या वाढत असताना, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार होतात. ते दिवस सांभाळले, तर पुढे थोडे ऊबदार झालेले चालते. ते दिवस हातचे गेले, तर नंतर कितीही बर्फ घातला तरी उपयोग नाही. घरी लागर करणाऱ्याला मी एकच गोष्ट सांगायची ठरवली, तर हीच सांगेन. भांड्याच्या अंगाला तापमापकाची पट्टी चिकटवावी, तिच्यावर जाड कापडाची घडी बांधावी आणि पहिले बहात्तर तास घर सोडून कुठे जाऊ नये.

लागर हा शब्द साठवून ठेवण्याच्या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आला आहे, आणि यंत्राने केलेली थंडी या बीअरच्या आयुष्यात फार उशिरा आली. बव्हेरियात १५५३ मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर करण्यावर बंदी घातली, कारण उन्हाळ्यातली बीअर बिघडत असे. मग हिवाळ्यात करायची आणि डोंगरात खोदलेल्या तळघरांत, तळ्यांवरून कापून आणलेल्या बर्फाच्या सोबतीने उन्हाळाभर जपायची, अशी रीत पडली. तळघराच्या छतावर ऊन पडू नये म्हणून वर चेस्टनटची झाडे लावली गेली आणि त्या सावलीत लोक बसून पिऊ लागले. म्युनिकच्या बीअरबागांचा उगम असा झाडाच्या सावलीत आहे. कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रे म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यात आली ती १८७० च्या दशकात. पिल्सेन गावात योझेफ ग्रोल याने सोनेरी रंगाची पहिली पिल्सनर केली ती १८४२ मध्ये, आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी लागरचे शुद्ध यीस्ट वेगळे केले ते १८८३ मध्ये.

त्या यीस्टची जन्मकथा मला फार आवडते. लागरचे यीस्ट संकरित आहे. त्याचे एक पालक म्हणजे पाव फुगवणारे, उबेत रमणारे नेहमीचे यीस्ट. दुसरे पालक अनेक वर्षे कोणाला सापडत नव्हते. २०११ मध्ये संशोधकांनी ते दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात, बीचच्या झाडांवर येणाऱ्या गोड गाठींत राहत असलेले दाखवून दिले. पुढे ते तिबेटमध्येही आढळले. थंडीत टिकून काम करण्याचा गुण लागरला या रानटी पालकाकडून मिळालेला आहे. ते थंडीत झोपत नाही, फक्त सावकाश चालते, आणि सावकाश चालताना मागे कमी घाण ठेवते.

अ‍ॅडलेडचा हिवाळा लातूरच्या हिवाळ्यापेक्षा थंड, पण हिम पडण्याइतका नव्हे. जुलैत दिवसा पंधरा-सोळा आणि रात्री सात-आठ अंश असे तापमान असते. माझी बहुतेक लागर मी त्याच महिन्यांत केली. वीस लिटरसाठी चार किलो पिल्सनर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली, आणि अर्धा किलो तांदूळ घेत असे. तांदळाने बीअर अंगाने हलकी होते. तांदूळ आधी मऊ शिजवून घ्यायचा आणि भरडलेल्या माल्टबरोबर पासष्ट अंशांच्या पाण्यात सव्वा तास ठेवायचा. याहून गरम पाणी वापरले, तर न आंबणारी साखर जास्त उरते आणि बीअर गोडसर, जाड लागते. मग तो गोड द्रव, ज्याला वॉर्ट म्हणतात, गाळून दीड तास उकळायचा. पिल्सनर माल्टमध्ये उकडलेल्या मक्याचा वास देणारे एक गंधकयुक्त द्रव्य तयार होते, ते उडून जाण्यासाठी एवढा वेळ लागतो, आणि पातेल्यावर झाकण ठेवायचे नसते. हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले, मी झेक प्रदेशातल्या साझ जातीची वापरत असे, कारण त्यांचा कडवटपणा जिभेवर रेंगाळत नाही.

उकळी थांबली, की पुढचा प्रश्न येतो आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातला तो सर्वांत महत्त्वाचा आहे: हा शंभर अंशांचा वॉर्ट थंड कसा करायचा? रूढ पद्धत अशी, की तांब्याच्या नळीचे वेटोळे पातेल्यात बुडवायचे आणि त्यातून नळाचे पाणी सोडत राहायचे. वीस लिटर बीअरसाठी यात पन्नासएक लिटर पाणी सहज वाहून जाते. मी ते एकदाच केले. २०१६ चा एप्रिल होता. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. १२ एप्रिलला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला पोहोचल्याची छायाचित्रे मी इकडे बसून पाहत होतो. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. वाळूज आणि चिकलठाण्याचे बीअरचे कारखाने जायकवाडीच्या पाण्यावर चालतात, हे आमच्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आई तेव्हा फोनवर सांगत होती, की टँकर चार दिवसांआड येतो. अशा वेळी माझ्या हातातल्या नळीतून गरम झालेले पाणी गटारात जात होते. ते मला सहन झाले नाही आणि ते वेटोळे मी देऊन टाकले.

त्यानंतर मी ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बीअर करणाऱ्यांमध्येच रुजलेली एक पद्धत धरली. उकळता वॉर्ट उष्णता सोसणाऱ्या जाड प्लास्टिकच्या चौकोनी कॅनमध्ये काठोकाठ भरायचा, कॅन दाबून आतली हवा काढायची, झाकण घट्ट लावायचे आणि कॅन आडवा करून ठेवायचा, म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूलाही उकळता द्रव लागतो आणि ते निर्जंतुक होते. मग रात्रभर त्याला आपोआप निवू द्यायचे. पाण्याचा एक थेंबही वाया जात नाही. या पद्धतीत दोन पथ्ये पाळावी लागतात. वॉर्ट कित्येक तास गरम राहत असल्याने शेवटी घातलेल्या हॉप्सचा कडवटपणा अपेक्षेपेक्षा जास्त उतरतो, म्हणून ते कमी करावे लागतात किंवा उशिरा घालावे लागतात. दुसरे म्हणजे, बंद कॅनमधला गोड वॉर्ट आठवडेच्या आठवडे ठेवू नये. मी दुसऱ्या दिवशीच यीस्ट घालत असे. ज्या देशात पाणी मोजून वापरावे लागते, तिथे ही पद्धत रुजावी, याचे मला नवल वाटले नाही.

जुलैच्या सकाळी तो कॅन बारा-तेरा अंशांवर आलेला असे. तेव्हा साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटे यीस्ट घालायचे. एका पाकिटात भागते असे अनेक जण म्हणतात आणि उबेत आंबणाऱ्या सामान्य एल बीअरसाठी ते खरेही आहे. पण थंडीत काम करायचे, तर मजूर दुप्पट लागतात. मी नेहमी म्युनिकजवळच्या वाइहेनश्टेफानहून आलेले, ३४/७० या क्रमांकाने ओळखले जाणारे यीस्ट वापरत आलो. जगातल्या बऱ्याच लागर त्याच्यावर होतात. यंत्राशिवाय काम करणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे, कारण ते सतरा-अठरा अंशांपर्यंत गेले तरी केळ्याचा वास फारसा सोडत नाही. सहा-सात दिवसांनी भांडे घरातल्या उबेच्या बाजूला, अठरा अंशांच्या आसपास, तीन दिवस हलवायचे. आंबताना यीस्ट लोण्याच्या वासाचे डायअ‍ॅसिटिल नावाचे द्रव्य मागे सोडते आणि उबेत तेच यीस्ट ते पुन्हा शोषून घेते. झाले की नाही हे पाहण्यासाठी मी पेलाभर बीअर झाकून गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवीत असे आणि मग हुंगून पाहत असे. लोणी कढवल्यासारखा वास आला, तर अजून दोन दिवस थांबायचे.

या बीअरच्या ज्या गुणासाठी हे सारे करायचे, त्याला नेमका मराठी शब्द मला बराच काळ सापडला नाही. इंग्रजीत त्याला क्रिस्प म्हणतात. कुरकुरीत म्हणावे, तर ते पापडाचे विशेषण आहे. निखळ हा शब्द जवळचा आहे. कोरडी हाही आहे, कारण घोट गिळल्यावर गोडवा मागे राहत नाही. पण या दोन्हींत तो क्षण येत नाही, जेव्हा थंड घोट जिभेच्या टोकावर स्पष्ट उमटतो आणि तितक्याच स्पष्टपणे संपतो. कासाराच्या दुकानात नव्या घागरीवर टिचकी मारून आवाज ऐकतात, तो आवाज जसा सुरू होतो आणि कुठेही न फाटता विरतो, तशी ती चव असते. म्हणून मी तिला खणखणीत म्हणतो.

ही चव पाण्यातूनही येते. पिल्सेनचे पाणी अतिशय मृदू आहे आणि म्हणूनच तिथली फिकट बीअर इतकी नाजूक झाली. जड, अल्कधर्मी पाण्यात हॉप्सचा कडवटपणा खरखरीत होतो आणि रंगही गडद येतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात घरोघरी पत्र्यावरच्या पावसाच्या पाण्याच्या टाक्या असतात. मी ते पाणी वापरून पाहिले आणि फरक पहिल्याच घोटात कळला. आमच्या गावी आई डाळ शिजवण्यासाठी पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पातेल्यात धरून ठेवते, कारण बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. ओल्या फडक्याची थंडी कितीही चांगली असली, तरी तिला एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा हवेतल्या ओलाव्याने ठरते. तापमापकाच्या टोकाला ओले फडके बांधून तो वाऱ्यात धरला, की तो जिथे थांबतो, त्याच्या खाली कोणतेही गोणपाट जाऊ शकत नाही. लातूरच्या मे महिन्यात हवा एक्केचाळीस अंश असताना हा आकडा एकवीस-बावीसच्या आसपास असतो. म्हणून आपल्याकडच्या माठातले पाणी गार लागते, आणि म्हणूनच कोकणात तोच माठ फारसा कामाचा नसतो. अण्णा आले होते, त्या जानेवारीत माझ्या टबातले पाणी फक्त टॉवेल आणि पंख्याने वीस-एकवीसपर्यंत उतरत होते. उरलेले तीन-चार अंश मी बर्फाने उतरवत असे: दोन लिटरची पाण्याची बाटली घरच्या फ्रीझरमध्ये गोठवायची आणि सकाळ-संध्याकाळ टबात बदलायची. भांडे आणि टब मिळून चाळीस लिटर पाणी धरले, तर एक बाटली ते चार अंशांनी उतरवते. त्या रात्री टॉवेल तसाच वाळू दिला असता, तर सकाळपर्यंत हे सगळे गणित कोसळले असते आणि तोच आंबण्याचा दुसरा दिवस होता. अण्णांच्या तांब्याने काय वाचवले, ते मला त्या सकाळीच कळले होते.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कूलगार्डी या सोन्याच्या खाणींच्या गावात १८९० च्या दशकात आर्थर पॅट्रिक मॅककॉर्मिक याने एक कपाट तयार केले होते: वर पाण्याची ताटली, तिच्यातून खाली सोडलेल्या कापडी पट्ट्या आणि चारही बाजूंना तागाचे गोणपाट. पाणी पट्ट्यांवरून झिरपत गोणपाट ओले ठेवी आणि वाळवंटाच्या वाऱ्याने आतले लोणी, मांस टिकून राही. पुढे कित्येक दशके त्या देशातल्या घरोघरी ते वापरात होते. मी अण्णांना त्याचे चित्र दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ह्यांच्याकडं बी पाण्याची वानवाच असंल."

एका उन्हाळ्यात मी थंडीचा नादच सोडून नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या क्वाइक यीस्टच्या एका स्वच्छ वाणावर बीअर केली. बत्तीस अंशांत ती चार दिवसांत आंबून तयार झाली. पाहुण्यांना ती आवडली आणि मलाही ती चांगली वाटली. पण ती लागर आहे, असे मी म्हणणार नाही. थंडीत आंबलेल्या बीअरला सुरुवातीला गंधकाचा एक हलका वास असतो, जो साठवणीत हळूहळू विरतो आणि मागे माल्टची ताज्या भाकरीसारखी चव ठेवतो. ती चव क्वाइकमध्ये आली नाही. घाई नसेल, तर थंडीची वाट पाहावी, असे माझे मत आहे.

साठवणीला मात्र मी घरचा फ्रिज वापरला, आणि त्यासाठी वेगळे काही घ्यावे लागले नाही. बाटलीत भरताना लिटरला सहा ग्रॅम साखर घालायची, दोन आठवडे बाहेर ठेवून वायू धरू द्यायचा आणि मग भाजीच्या खालच्या कप्प्यात चार आठवडे. अण्णांनी राखलेली बीअर मार्चमध्ये उघडली. ती काचेसारखी निवळली होती. तोवर ते गावी परतले होते. फोनवर मी त्यांना सांगितले, की नासली नाही. "बरं झालं," ते म्हणाले.

२०२१ मध्ये मीही परतलो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बीअर करता येत नाही, म्हणून इथे मी ती केलेली नाही आणि करणारही नाही. पण एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आमच्या वाड्यात मधल्या खोलीला लागून बळद आहे: पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, वर माळवद, खिडकी नाही, फक्त एक झरोका. पूर्वी त्यात ज्वारी भरलेली असे. हिवाळ्यात परभणीचा पारा एक आकडी झाल्याची बातमी आली, की आमच्याकडेही पहाटे हात गारठतात. मग या बळदात, यंत्राशिवाय आणि बर्फाशिवाय, लागर आंबण्याइतकी थंडी टिकेल का?

गेल्या मार्गशीर्षाच्या सुरुवातीला मी ते साध्या पाण्यावर पाहायचे ठरवले. दुधाचा वीस लिटरचा स्टीलचा कॅन पाण्याने भरला, त्याला गोणपाट गुंडाळले आणि तो पाणी भरलेल्या घमेल्यात उभा केला. शेजारी तेवढ्याच पाण्याचा, तसाच गोणपाट गुंडाळलेला नवा मातीचा डेरा ठेवला आणि तिसरी म्हणून एक कोरडी पितळी घागर. रात्री झरोका आणि दार उघडे, दिवसा दोन्ही बंद. सकाळ-संध्याकाळ तिन्हींत तापमापक घालून वहीत आकडे लिहिले. पितळी घागर बहुतेक दिवस वीस-एकवीस अंशांवर राहिली. कॅन सकाळी सोळा आणि संध्याकाळी अठराच्या आसपास होता. डेरा त्याच्याही खाली, सकाळी पंधरा आणि संध्याकाळी सतरा. दोन दिवस आभाळ आले, हवा दमट झाली आणि ओली भांडी दोन अंशांनी चढली; वारा पडला की गोणपाट निरुपयोगी होते, हे पुन्हा दिसले. आंबताना रोज पडणाऱ्या उष्णतेचा भार मी यात धरलेला नाही, तो धरला तर कॅन आणखी एक-दोन अंश चढेल आणि ३४/७० च्या काठावर जाऊन बसेल. म्हणजे पौषातल्या थंडीत, पहिले तीन दिवस जागता पहारा ठेवून, ते जमण्यासारखे आहे. चार अंशांची साठवण मात्र बळदाला कधीच जमणार नाही.

अण्णा दाराशी उभे राहून हे पाहत असत. एकदा त्यांनी आठवण करून दिली, की पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात, उतरण्याआधी कंदील सोडून पाहत, विझला तर उतरायचे नाही. ते बोलणे अगदी नेमके होते. वीस लिटर बीअर आंबताना जवळपास चारशे लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो जड असल्याने जमिनीलगत साचतो. बंद बळदात असे काही कोणी करायला गेला, तर झरोका पुरणार नाही.

वेळ अमावस्या, म्हणजे रानात जाऊन साजरा करायचा आमच्याकडचा सण, जवळ आली, तशी आईने आंबिलीची तयारी सुरू केली. ज्वारीचे पीठ ताकात कालवून तिने माझ्या खोलीच्या कोपऱ्यात झाकून ठेवले होते. दोन दिवस आधी का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "थंडी लई पडलीय औंदा. उन्हाळ्यात एका रातीत आंबतंय, आता दोन दिस लागतंय. घाई केली तर कच्चट लागतंय." अमावस्येच्या आदल्या दुपारी तिने झाकण काढून हुंगले, बोटावर घेऊन चाखले आणि बळदात येऊन माझ्या डेऱ्याकडे बोट दाखवले.

"ते रिकामं कर. आंबलं तेवढं बास झालं, आता उद्या रानात जाईस्तोवर हाय तसंच ऱ्हायला पायजे."

मी तापमापक काढून घेतला. डेऱ्यातले पाणी परसातल्या कढीपत्त्याला घातले, डेरा दोनदा विसळला आणि तिने त्यात आंबील ओतली. रात्री दहाच्या सुमारास मी पुन्हा बळदात गेलो, तेव्हा अण्णा कंदील खाली ठेवून तांब्याने गोणपाटावर पाणी सोडत होते.